ध्वजदिनाचा पैसा जातो कुठं, येतो कुणाकडं? माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी मदतीची वाट

मंगरूळपीर : डिसेंबर लागला की शाळेत, तहसीलमध्ये, पंचायत समितीत छोटे कागदी झेंडे दिसू लागतात. लाल, गडद निळा आणि फिका निळा असे तीन रंग. लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिका निळा हवाई दलाचा. पोरं खिशातली चिल्लर देतात, कर्मचारी नोट देतात, झेंडा छातीला लागतो. हे पैसे पुढं कुठं जातात, हे मात्र देणाऱ्यांपैकी फार कमी जणांना ठाऊक असतं.

त्याहून मोठी अडचण दुसऱ्या टोकाला आहे. ज्यांच्यासाठी हा पैसा जमतो, त्या माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या घरात त्याची माहिती पोहोचतेच असं नाही. पोहोचली तरी अर्ज कागदापाशी अडतो. सैन्यातल्या नोंदीत बायकोचं नाव एक, आधार कार्डावर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं. घरचा माणूस हयात असताना ही दुरुस्ती सोपी असते. तो गेल्यावर तेच काम दोन-दोन वर्षं ओढत जाऊ शकतं. मंगरूळपीर तालुक्यातल्या कुटुंबांना कामी यावी अशी ही सगळी माहिती एका ठिकाणी.

ध्वजदिन निधी म्हणजे काय?

स्वातंत्र्यानंतर 28 ऑगस्ट 1949 रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीनं दरवर्षी 7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळायचं ठरवलं. उद्देश तीन : युद्धात जखमी झालेल्यांचं आणि गेलेल्यांच्या घरच्यांचं पुनर्वसन, सेवेतल्या जवानांच्या कुटुंबांचं कल्याण आणि माजी सैनिकांना आधार. पुढं 1993 मध्ये वेगवेगळे छोटे निधी एकत्र करून ‘सशस्त्र सेना ध्वजदिन निधी’ उभा राहिला. या निधीच्या गुंतवणुकीतून येणाऱ्या उत्पन्नावर केंद्राच्या मदतीच्या योजना चालतात.

सैनिकांच्या घरच्यांसाठी असं मंडळ असावं ही कल्पना मात्र त्याहून जुनी. पहिलं महायुद्ध संपल्यावर हजारो शिपाई घरी परतले, तेव्हा 1919 मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड हा त्याचाच वारसा. ते नवी दिल्लीला असून संरक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष असतात.

ध्वजदिन निधीला दिलेल्या देणगीवर आयकराच्या 80जी कलमाखाली सूट मिळते. देणगी देताना पावती मागून घ्यावी. जिल्ह्यात संकलनाची जबाबदारी जिल्हा प्रशासन आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची असते. कुणी सैनिकांच्या नावावर दारोदार पैसे मागत असेल आणि अधिकृत पावती देत नसेल, तर पैसे न देता कार्यालयात विचारून घेतलेलं बरं.

दार कुठलं ठोठावायचं?

महाराष्ट्रात हे काम सैनिक कल्याण विभाग पाहतो. त्याचं मुख्यालय पुण्याला घोरपडी इथं आहे. जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. मंगरूळपीर, शेलूबाजार, आसेगाव, वनोजा भागातल्या कुटुंबांसाठी ते वाशिमला आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्याआधी निवृत्त झालेल्या काही जुन्या माजी सैनिकांच्या कागदांवर अजून ‘जिल्हा अकोला’ असाच पत्ता आहे. तो बदलून घेणं हे पहिलं काम. नाहीतर रेकॉर्ड ऑफिसचं पत्र जुन्याच पत्त्यावर फिरत राहतं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुख्यतः ही कामं होतात :

- माजी सैनिक आणि विधवांची नोंदणी, ओळखपत्र
- केंद्र आणि राज्याच्या मदतीचे अर्ज तपासून पुढं पाठवणं
- पेन्शनच्या अडचणीत रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार
- मुलांच्या शिष्यवृत्तीच्या कागदांची पडताळणी
- नोकरी आणि शैक्षणिक प्रवेशासाठी लागणारे दाखले

केंद्रीय सैनिक बोर्डाचे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात. अर्ज आधी जिल्ह्यात तपासला जातो, मग राज्याकडं आणि शेवटी दिल्लीला जातो. कुठल्याही पायरीवर शंका निघाली की तो परत येतो. म्हणून अर्ज भरून स्वस्थ न बसता तो कुठं पोहोचला हे अधूनमधून पाहत राहावं.

माजी सैनिक कोण, कोण नाही?

गावात वर्दीतल्या प्रत्येकाला ‘मिल्ट्रीतला’ म्हणतात. पण कागदावर फरक आहे, आणि मदत त्या फरकावरच ठरते.

भूदल, नौदल आणि हवाई दलातून ठरलेल्या अटींनुसार निवृत्त झालेले ते माजी सैनिक. जवानाला पेन्शनसाठी साधारणपणे 15 वर्षांची सेवा लागते. ज्यांना पेन्शन नाही, तेही अटी पूर्ण करत असतील तर माजी सैनिक ठरू शकतात, आणि काही योजना तर खास त्यांच्यासाठीच आहेत. ‘पेन्शन नाही म्हणजे आपलं काहीच नाही’ असं समजून अनेक म्हातारे कार्यालयाची पायरी चढत नाहीत. हा गैरसमज महागात पडतो.

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. त्यांच्या कुटुंबांची वाट वेगळी असते : त्या त्या दलाचं कल्याण कार्यालय आणि ‘भारत के वीर’ हा 2017 पासूनचा निधी. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजना त्यांना लागू होत नाहीत.

अग्निवीरांचं प्रकरण तिसरंच. 2022 पासून सुरू झालेल्या या योजनेत चार वर्षांची सेवा आहे. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना सेवानिधीची रक्कम मिळते, पेन्शन आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांना सियाचीनमध्ये वीरमरण आलं. त्यानंतर लष्करानं कुटुंबाला मिळणाऱ्या रकमांचा तपशील जाहीर केला होता : 48 लाखांचा विमा, 44 लाखांचं सानुग्रह अनुदान, सेवानिधीतला वाटा, उरलेल्या सेवाकाळाचा पगार, युद्धात कामी आलेल्यांच्या निधीतून 8 लाख आणि सैनिकपत्नींच्या ‘आवा’ या संस्थेकडून तातडीचे 30 हजार. मात्र कायम जवानाच्या घरच्यांना महिन्याच्या महिन्याला येणारी कुटुंब पेन्शन या यादीत नाही. ज्या घरातला पोरगा आज अग्निवीर आहे, त्यांनी हा फरक आताच समजून घ्यावा आणि नॉमिनीचे कागद नीट आहेत ना, ते सुट्टीत आलेल्या पोराला विचारावं.

ध्वजदिन निधीतून किती मिळतं?

ऑक्टोबर 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयानं तीन महत्त्वाच्या मदतींची रक्कम दुप्पट केली. 1 नोव्हेंबर 2025 पासून आलेल्या अर्जांना नवे दर लागू झाले. याचा वर्षाला सुमारे 257 कोटींचा भार ध्वजदिन निधीतून उचलला जातो.

*निर्धनता अनुदान :* वय 65 च्या वर, पेन्शन नाही, उत्पन्नाचं नियमित साधन नाही, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला महिन्याला 8,000 रुपये. आधी हे 4,000 होते. ही मदत तहहयात आहे.

*शिक्षण अनुदान :* जास्तीत जास्त दोन मुलांसाठी, पहिलीपासून पदवीपर्यंत, प्रत्येकी महिन्याला 2,000 रुपये. आधी 1,000 होते. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विधवेलाही दोन वर्षं हे अनुदान मिळू शकतं.

*विवाह अनुदान :* माजी सैनिकाच्या दोन मुलींपर्यंत, तसंच विधवेच्या पुनर्विवाहासाठी, प्रत्येकी 1 लाख रुपये. आधी 50 हजार होते. अर्ज लग्नानंतर 180 दिवसांच्या आत करावा लागतो. हंगामाच्या धावपळीत ही मुदत हमखास निघून जाते, म्हणून लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत लगेच करून घ्यावी.

या तिन्ही मदती हवालदार आणि त्याच्या समकक्ष हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी आहेत. याशिवाय दिव्यांग मुलांसाठी, पेन्शन नसलेल्यांच्या औषधोपचारासाठी, गंभीर आजारासाठी आणि विधवेला एखादा व्यवसाय शिकता यावा यासाठीही वेगळी मदत आहे.

मुलं व्यावसायिक शिक्षण घेत असतील तर पंतप्रधान शिष्यवृत्ती पाहावी. दरवर्षी 5,500 शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यातल्या निम्म्या मुलींना. मुलींना महिन्याला 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये मिळतात. बारावीला किंवा प्रवेशासाठी लागणाऱ्या परीक्षेला किमान 60 टक्के लागतात. ही शिष्यवृत्ती राष्ट्रीय संरक्षण निधीतून दिली जाते.

राज्याकडून काय?

राज्य सरकारच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांसाठी 15 टक्के समांतर आरक्षण आहे. मेस्को, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, सुरक्षा रक्षकाच्या आणि इतर कामांवर माजी सैनिकांना घेतं.

बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राज्यातल्या एका घराच्या मालमत्ता करातून माफी आहे. ही माफी आपोआप लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत द्यावा लागतो. दरसाल घरपट्टी भरत आलेल्या कुटुंबांनी ही चौकशी एकदा करून घ्यावी.

वीरमरण आलेल्या जवानाच्या कुटुंबाला राज्याकडून सानुग्रह अनुदान मिळतं. वीरपत्नीला एसटीत मोफत प्रवास आहे. कमाल 2 हेक्टर शेतीयोग्य सरकारी जमीन देण्याची तरतूदही आहे. जमिनीचा अर्ज महसूल खात्यातून, म्हणजे तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतो. जमीन उपलब्ध असणं ही त्यातली पहिली अट, त्यामुळं या कामाला वेळ लागतो.

‘शहीद’ शब्द आणि कागदावरचा शब्द

वर्दीत असताना जवान गेला की गाव त्याला शहीद म्हणतं, कमान उभारतं, चौकाला नाव देतं. ते योग्यच. पण पेन्शन ठरते ती सैन्याच्या नोंदीतल्या कारणावरून. ढोबळमानानं तीन प्रकार आहेत :

- युद्धात किंवा मोहिमेत मृत्यू : उदारीकृत कुटुंब पेन्शन, शेवटच्या वेतनाच्या 100 टक्के
- सेवेशी संबंधित कारणानं मृत्यू : विशेष कुटुंब पेन्शन, 60 टक्के
- सेवेशी संबंध नसलेल्या कारणानं किंवा निवृत्तीनंतर मृत्यू : साधारण कुटुंब पेन्शन, 30 टक्के. सुरुवातीची काही वर्षं ती वाढीव दरानं मिळते

रस्त्यावरचा अपघात, सुट्टीवर येताना झालेला मृत्यू, ड्युटीवर आलेला हृदयविकाराचा झटका अशा वेळी कोणता प्रकार लागेल, हे चौकशी अहवालावर ठरतं. कुटुंबानं तो अहवाल आणि मृत्यूच्या नोंदीची प्रत मागून ठेवावी. निर्णय चुकीचा वाटला तर अपील करता येतं आणि पुढं सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं दारही आहे. त्याचं एक खंडपीठ मुंबईला आहे.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. 26 जुलै 2025 रोजी, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांना मोफत कायदेशीर मदत मिळावी म्हणून सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत विधी सेवा केंद्रं उभारण्याची ही योजना आहे. धुऱ्याचा वाद, वारस फेरफार, भावकीनं अडवलेला हिस्सा, ही सीमेवर असलेल्या जवानाची नेहमीची डोकेदुखी. अशा कामांतही याचा उपयोग होतो.

देणग्यांवर उभ्या असलेल्या संस्था

सरकारी कार्यालयापलीकडंही आधार आहे, आणि त्यातल्या जुन्या संस्था महाराष्ट्रातच आहेत.

पुण्याजवळ खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या भारतीय शिपायांना हाताला काम शिकवायला ती 1917 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि काही वर्षांनी खडकीला आली. शंभर वर्षं उलटून गेली तरी अपंगत्व आलेल्या जवानांना ती आजही व्यवसाय शिकवते.

खडकीलाच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, 1974 पासून. मणक्याला मार बसून कंबरेखालचं किंवा मानेखालचं शरीर निकामी झालेले जवान इथं राहतात, काम करतात, चाकाच्या खुर्चीवरून खेळतात. या केंद्राला ध्वजदिन निधीतूनही अनुदान जातं. शाळेतल्या पोरानं डब्यात टाकलेली चिल्लर कुठं जाते, याचं हे एक ठोस उत्तर.

अपंगत्वानंतर माणूस कुठवर जाऊ शकतो याचं उदाहरण मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले पेटकर सैन्याच्या ईएमई दलात होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथं त्यांनी पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. त्यांना पद्मश्री मिळाली ती 2018 मध्ये, म्हणजे पदकानंतर 46 वर्षांनी.

‘आवा’, म्हणजे आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशन, ही 1966 मध्ये नोंदणी झालेली संस्था. सैनिकांच्या पत्नीच ती चालवतात. विधवांना तातडीची मदत, शिवण-संगणकासारखं प्रशिक्षण आणि मुलांचं शिक्षण यात ती काम करते.

फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचीनला हिमस्खलनात दहा जवान गाडले गेले. त्यात साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जवानही होता. तेव्हा देशभरातून लोक मदत देऊ लागले, पण ती घ्यायची कुठल्या खात्यात हा प्रश्न पडला. त्यातून सशस्त्र सेना युद्धबाधित कल्याण निधी आला. आता ‘माँ भारती के सपूत’ या संकेतस्थळावरून कुणालाही त्यात थेट देणगी देता येते.

खरी अडचण नावाची

आता मूळ मुद्दा. मदत आहे, रक्कम वाढली आहे, कार्यालय आहे. तरी कुटुंब अडतं कुठं? बहुतेक वेळा नावात.

आपल्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत जुनी. माहेरी कमल, सासरी सुनंदा. जवानानं सैन्यात नोंद करताना सासरचं नाव दिलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. आधार काढताना ऑपरेटरनं ऐकू आलं तसं टाकलं. जन्मतारीख कुणालाच नक्की माहीत नाही, म्हणून सगळीकडं 1 जानेवारी किंवा 1 जून. जवान हयात असेपर्यंत याचं काही अडत नाही, कारण पेन्शन त्याच्या खात्यात येते. तो गेला आणि बाई अर्ज घेऊन गेली की पहिला प्रश्न येतो, ही बाई तीच कशावरून? ‘कागद तं सारेच हायेत’ असं म्हणत पिशवी उपडी केली जाते. कागद असतात खरे, पण एकमेकांशी जुळत नाहीत.

सैन्यात लग्न आणि मुलांच्या जन्माची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’नं होते. ती झाली की पत्नीचं नाव पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत येतं. अशा बाईची कुटुंब पेन्शन मृत्यूचा दाखला आणि ओळखीचे कागद दिल्यावर सुरू होऊ शकते. नाव नसेल किंवा चुकलं असेल, तर रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्तीचा आदेश आणावा लागतो. प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, साक्षीदार, गरज पडली तर राजपत्रात नावबदल, हे सगळं आलं. माजी सैनिक स्वतः सही करायला असतो तेव्हा हे काम सोपं असतं, कारण ‘ही माझी बायको’ हे सांगणारा माणूस समोर असतो.

नॉमिनीचंही तसंच. भरती झाला तेव्हा पोरगा बिनलग्नाचा, म्हणून नॉमिनी आई किंवा बाप. लग्नानंतर बदल करायचं राहून जातं. पुढं वाईट प्रसंग आला तर पेन्शन पत्नीला आणि विम्याचे पैसे आई-वडिलांना, असा पेच पडतो. दुःखात असलेलं घर त्यावरून फुटतं. आई-वडील आणि बायको या दोघांचाही विचार करून वाटणी जवानानं स्वतः, शुद्धीत, कागदावर लिहून ठेवलेली बरी.

रेकॉर्ड ऑफिस कुठलं?

पत्र पाठवायचं ते सैनिकाच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. नेहमी लागणारी काही ठिकाणं :

- मराठा लाइट इन्फंट्री : बेळगाव
- महार रेजिमेंट : सागर, मध्य प्रदेश
- ब्रिगेड ऑफ द गार्ड्स : कामठी, नागपूर
- तोफखाना : नाशिक रोड
- बॉम्बे सॅपर्स : खडकी, पुणे
- सिग्नल्स : जबलपूर
- ईएमई : सिकंदराबाद
- नौदलाचे खलाशी : मुंबई
- हवाई दल : नवी दिल्ली

पत्रात सैनिकाचा आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव आणि पीपीओ नंबर हवाच. नंबर नसलेलं पत्र कुठं जिरतं, ते कळत नाही.

हयातीचा दाखला चुकवू नका

पूर्वी बँकेतून येणारी पेन्शन आता बहुतेकांना ‘स्पर्श’ या प्रणालीतून येते. ती प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून चालते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो दिला नाही तर पेन्शन थांबते. सामान्यतः हे काम नोव्हेंबरात येतं, आणि नेमकं तेव्हाच शेतात कापूस वेचणीची घाई असते. गावातल्या सीएससी केंद्रावर बोटाच्या ठशानं किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’ करता येतं. म्हातारपणात बोटाचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्याचा पर्याय मागावा.

‘स्पर्शमधून बोलतोय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो कट करावा. पेन्शनसाठी फोनवर ओटीपी कुणीही मागत नाही.

उपचारांसाठी ईसीएचएस ही योजना 1 एप्रिल 2003 पासून आहे. पेन्शनर, त्याची पत्नी आणि अवलंबून असलेले नातेवाईक यांना पॉलिक्लिनिक आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांत उपचार मिळतात. कार्डात पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे आजारी पडण्याआधीच बघून घ्यावं.

घरात एक फाईल असू द्या

माजी सैनिकाच्या घरी एकाच फाईलमध्ये हे कागद असावेत, आणि ती फाईल कुठं आहे हे बायकोला माहीत असावं :

1. डिस्चार्ज बुक, सगळ्या पानांच्या दोन झेरॉक्स
2. पीपीओ आणि नंतर आलेले दुरुस्ती आदेश
3. माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड
4. लग्नाचा दाखला, नवरा-बायकोचा एकत्र फोटो
5. मुलांचे जन्मदाखले
6. दोघांचं आधार, पॅन, बँक पासबुक, शक्यतो जोडखातं
7. स्पर्शचा युजर आयडी आणि नोंदवलेला मोबाइल नंबर
8. युनिटचं नाव आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता

आज एकदा बसून पहिल्या सहा कागदांवरची नावं ओळीनं एका पानावर लिहून काढावीत. कुठं अक्षराचाही फरक दिसला तर त्यावर खूण करावी आणि ते पान घेऊन वाशिमच्या कार्यालयात जावं. तिथं काय दुरुस्त करायचं आणि कुठून करायचं ते सांगितलं जातं.

गावानं काय करावं?

प्रत्येक गावात कुठल्या घरात माजी सैनिक आहे, कुठल्या घरात सैनिकाची विधवा आहे, हे ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि तलाठ्यांना माहीत असतंच. 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला त्यांचा सत्कार होतो, शाल-नारळ दिलं जातं. त्याच दिवशी अर्धा तास काढून त्यांचे कागद तपासले तर त्या सत्काराला वजन येईल. ज्यांना मोबाइल जमत नाही त्यांच्यासाठी गावातल्या शिकलेल्या पोरांनी फॉर्म भरून द्यावा. नुकताच निवृत्त झालेला फौजी जुन्या फौजीला वाशिमला सोबत घेऊन गेला, तर त्याहून चांगला मार्गदर्शक नाही.

65 च्या पुढची, पेन्शन नसलेली एखादी सैनिकाची विधवा गावात असेल, तर तिच्या हक्काचे महिन्याचे 8,000 रुपये एका अर्जावर थांबलेले असू शकतात. येत्या 7 डिसेंबरला झेंडा लावताना डब्यात पैसे टाकावेतच. त्याआधी अशा एका घरी जाऊन एवढं विचारावं : ‘काकू, तुमचं नाव फौजेच्या कागदावर काय लिवलं हाये?’